पाण्याखालचा काचेचा डोळा

मी एक जुना काचेचा डोळा आहे, मित्रांनो. भोपळ्याएवढा गोल, आणि आता ठार आंधळा.

मला एका काचकाम करणाऱ्या दादाने घडवलं. भट्टीसमोर गाल फुगवून त्याने मला आकार दिला. त्याची धाकटी बहीण चिमी शास्त्रज्ञ होती. ती न्यूट्रिनो नावाचे कण शोधत असे. हे कण तुमच्याआमच्यातून, अख्ख्या डोंगरातून आरपार जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. क्वचित एखादा पाण्यात धडकतो, तेव्हा निळसर ठिणगी उमटते. ती टिपायला आम्हा हजारो डोळ्यांना खोल खाणीतल्या अवाढव्य टाकीत बसवलं. चिमीची युक्ती नवी होती. तिने पाण्यात एक खास क्षार मिसळला. पहिल्या ठिणगीमागोमाग दुसरी, अगदी मंद ठिणगी उमटली, तर कण कोणत्या प्रकारचा ते कळणार होतं.

"दादा, यांना जाड आवरण घालायचं का रे?" टाकी भरण्याआधी तिने विचारलं.

"कशाला? तुझी ठिणगी आणखी मंद दिसेल. माझी काच फुटायची नाही, चिमे."

ती हो म्हणाली.

आम्ही काळोखात डोळे ताणून बसलो. बऱ्याच वर्षांनी एकदा त्या दोन ठिणग्या पाठोपाठ दिसल्या. चिमी हसता हसता रडली. पण एकदा दिसलेलं कोण मान्य करणार? पुन्हा दिसायला हवं होतं.

त्याआधीच तळाचा एक डोळा पाण्याच्या दाबाने फुटला. त्या धक्क्याने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. क्षणात सगळीकडे काचांचा चुरा झाला. मी कडेला होतो म्हणून अख्खा राहिलो, पण माझ्या आतल्या तारा तुटल्या.

टाकी रिकामी केली, तेव्हा दादा तळाशी मटकन बसला.

"माझ्या काचेने तुझा जन्म वाया घालवला गं."

"मीही हो म्हणाले होते ना, दादा? चल, घरी चल."

तो घरी गेला. भट्टी मात्र पुन्हा पेटली नाही. टाकी परत भरायची नाही असं वरिष्ठांनी ठरवलं. चिमी दुसऱ्या कामाला लागली आणि मला या कोठारात आणून ठेवलं.

मित्रांनो, नाजूक वस्तू जपून वापरा, एवढं तर तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं मागतो. काही फुटलं, की ज्याच्या हातची ती वस्तू होती त्याच्याजवळ जाऊन बसा. आमच्या काचा झाडायला माणसांची रीघ लागली होती. दादाच्या दारी कोणी फिरकलं नाही.