सीटखालची जागा

गाडीत अडीअडचणीसाठी काहीतरी ठेवावं, हे कुणाला पटत नाही? तुम्हीही ठेवत असाल. कुणी टॉर्च ठेवतो, कुणी दोरखंड, कुणी नुसताच देवाचा फोटो. अमेरिकेतल्या आमच्या उत्तर डाकोटात ह्यावर सकाळ सकाळ वाद झडतो, आणि तो झडतो इंगाच्या हॉटेलात.

इंगा म्हणजे साठी उलटलेली विधवा बाई. हॉटेल चालवते, शिवाय गावच्या अँब्युलन्सवर फुकट सेवा करते. म्हणजे सकाळी तिच्या हातचं तळलेलं खाऊन ज्याच्या छातीत कळ यायची, त्याला दुपारी हॉस्पिटलात न्यायलाही तीच.

एका वर्षी थंडीच्या तोंडाला वाद पेटवला व्हर्लिन होल्टेनं. गव्हाची शेती, सरळ माणूस, चर्चमध्ये मागच्या बाकावर डुलक्या घेणारा. गावातल्या धान्याच्या कोठारापाशी उभ्या पिकअपमधून कुणीतरी त्याची अवजारांची पेटी लांबवली होती. चोर काही सापडला नाही. पण तेलाच्या विहिरींवर बाहेरची माणसं आली होती ना, मग काय, सगळ्यांनी मनातल्या मनात चोर पकडलाच.

"आता गाडीत बंदूक ठेवणार," व्हर्लिन म्हणला. "कुठली घेऊ ते सांगा."

झालं! डुएननं कॉफीचा कप बाजूला सारला. ह्या डुएनला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण कुठल्या बंदुकीची नळी केवढी हे झोपेतनं उठवून विचारा.

"पिस्तूल घे. हाताशी राहतं."

"पिस्तुलानं लांबचं लागत नाही."

"लांबचा माणूस तुझं काय वाकडं करणार आहे रे?" इंगा कॉफी ओतत म्हणली.

"मग छऱ्यांची, आखूड नळीची," डुएन म्हणला. "नेम धरायलाच नको. नुसती त्या बाजूला तोंड करून धरायची."

"तुझ्यासारख्यालाच बरी ती," व्हर्लिन म्हणला.

हसले सगळे. शेवटी दोघांचं ठरलं, दांडी ओढून गोळी भरायची छोटी रायफल. सीटखाली मावते, लांडग्या-कोल्ह्यालाही चालते. इंगा किटली घेऊन तिथंच उभी होती.

"व्हर्लिन, संकटासाठी घेतोयस ना? मग मला सांग, आजवर गाडीत तुझ्यावर संकटं कुठली आली?"

"आली की. एकदा बर्फात खड्ड्यात गेलो."

"मग? बर्फाला गोळी घातलीस?"

"बॅटरी बसली होती एकदा. आणि सासऱ्याला गाडीतच झटका आला."

"आणि अवजारं गेली तेव्हा तू कुठं होतास?"

व्हर्लिननं मान खाजवली. "इथंच. कॉफी पीत होतो."

"म्हणजे बंदूक असती तर चोरानं अवजारांबरोबर तीही नेली असती. चोराची सोय केलीस की रे बाबा!"

"तुला नाही कळायचं, इंगा. जमाना बदललाय."

"जमाना नाही बदलला. तू ज्याची तयारी करशील ना, तेच तुला जिथं तिथं दिसायला लागेल. एवढं ध्यानात ठेव," ती म्हणली आणि दुसऱ्या टेबलाकडं गेली.

ध्यानात कोण ठेवतो! बंदूक आली. ती कुलपात पाहिजे म्हणून पोलादी पेटी आली. पेटी मागच्या सीटखाली बसवायची, तर तिथं आधीपासून संसार मांडलेला. व्हर्लिनच्या बायकोनं, मार्डेलनं, ठेवलेली लोकरी गोधडी आणि कॉफीचा एक रिकामा डबा. डब्यात जाड मेणबत्ती, काड्यापेटी, चॉकलेटं आणि एक लाल फडकं. आमच्याकडं गाडी बर्फात रुतली तर डब्यात मेणबत्ती लावायची, गोधडी पांघरायची, फडकं आरशाला बांधायचं आणि वाट बघायची. तेवढ्या उबेवर माणूस रात्र काढतो. मार्डेलला तो डबा तिच्या आईनं लग्नात दिलेला.

व्हर्लिननं डबा आणि गोधडी उचलली, शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागं टाकली. मार्डेलला काही बोलला नाही. म्हणलं, एवढंसं काय सांगायचं.

जानेवारीत एका दुपारी तो शहरातनं ट्रॅक्टरचा पार्ट घेऊन घरी चालला होता. वरून बर्फ पडत नव्हतं, पण वाऱ्यानं जमिनीवरचंच उधळत होतं. रस्ता दिसतोय, नाही दिसत, दिसतोय. अशात पुढं एक मोटार दिसली, नाक खड्ड्यात, शेपूट वर. नंबरप्लेट दुसऱ्या राज्याची. शेजारी एक माणूस दोन्ही हात हलवतोय.

आता आमचा एक कायदा आहे. कुठं लिहिलेला नाही, पण बाळाला दुधाबरोबर पाजतात. थंडीत थांबलेल्या गाडीपुढनं कुणी निघून जात नाही. वैऱ्याची असली तरी नाही. व्हर्लिननं आयुष्यात कधी मोडला नव्हता. त्याचा पाय आपसूक वर आला, गाडी हळू झाली.

तेवढ्यात त्याला दिसलं की माणसानं तोंड गुंडाळलंय. अहो, त्या थंडीत तोंड न गुंडाळणारा एक तर वेडा, नाहीतर मेलेला! व्हर्लिननं स्वतः गुंडाळलं होतं. पण त्याच्या डोक्यात आलं ते असं: बंदूक मागं, मी पुढं. किल्ली खिशात, खिसा कोटाच्या आत. ह्याच्याकडं काय असेल कुणास ठाऊक. आणि त्याच वेळी तो माणूस गाडीकडं धावत आला, आणि धावता धावता एका हातानं दुसऱ्या हाताशी काहीतरी ओढायला लागला.

काढतोय! काहीतरी काढतोय!

व्हर्लिननं पाय दाबला. चाकांनी बर्फाचा लोट उडवला. आरशात बघितलं तर पांढरं नुसतं, माणूस नाही का मोटार नाही.

वाटेत फोन लागत नाही तिकडं. घरी गेल्यावर करीन, म्हणला. घरी गेला, फोन हातात घेतला. पण सांगायचं काय? रस्त्यात माणूस अडकलाय, म्हणायचं. मग पलीकडचा विचारणार, तू थांबला नाहीस? व्हर्लिननं फोन ठेवून दिला. मागनं येईल कुणीतरी, म्हणला. सगळेच थांबतात इथं.

मागनं आली ती बर्फ ढकलायची गाडी, तीही अंधार पडता पडता.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात इंगाचे डोळे तारवटलेले. "शाळेतला नवा गणिताचा मास्तर," ती सांगत होती. "जोविटो. फिलिपीन्सचं पोर. जन्मात बर्फ बघितलेलं नाही. मोटारीचं इंजिन बंद, फोन गार पडलेला, जवळ ना गोधडी ना डबा. जीव वाचला. पण थंडीनं उजव्या हाताची दोन बोटं जाणार म्हणतायत."

"गाडीत बसून का नाही राहिला?" डुएननं विचारलं.

"शाळेत त्याला सांगितलं होतं, इथं अडकलास तर भिऊ नको, दिसेल असा उभा राहा, पहिली गाडी येईल तीच थांबेल. राहिला उभा! म्हणतो, कुणी गेलंच नाही तिकडनं."

"हो तर," डुएन म्हणला. "गेलं असतं तर थांबलंच असतं. आपल्याकडचा माणूस आहे का कुणी असा?"

व्हर्लिनचा घास तोंडातच फिरायला लागला. कुणी गेलंच नाही! म्हणजे बघितलं नाही कुणी. सुटला होता तो. आणि सुटलेल्या माणसाला कसं वाटतं, ते काही तसं वाटेना. कॉफीला चव नाही. डुएन हसला की वाटायचं, मलाच हसतोय. इंगानं खांद्यावर हात ठेवला, "बरं नाही का रे?" तर तो दचकून उठलाच.

घरी मार्डेल ओव्हनमधनं बटाटे-खिम्याचं भांडं काढत होती. "मास्तरासाठी गाव काय काय गोळा करतंय," ती म्हणली. "मी हे देते, आणि तुझ्या गाडीतली गोधडी. चांगली लोकरीची आहे. आणतेच मी."

"थांब, मी आणतो..."

पण ती गेलीसुद्धा. खिडकीतनं व्हर्लिनला दिसत होतं. तिनं पिकअपचं दार उघडलं. सीट वर केली. आणि तशीच उभी राहिली, वारा अंगावर घेत, कितीतरी वेळ.

आत आली ती मोकळ्या हातानं.

"माझ्या आईचा डबा कुठंय?"

सगळं सांगितलं त्यानं. डब्यापासून सुरू केलं आणि आरशातल्या पांढऱ्यापर्यंत आला. मार्डेल ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं भांडं झाकलं आणि म्हणली, "हे त्याला मी कुठल्या तोंडानं नेऊन देऊ?"

संध्याकाळी तो इंगाकडं गेला. हॉटेल बंद करत होती. तिच्यापुढं रडला, चांगला हमसून रडला. इंगानं ऐकून घेतलं, मग फडकं खाली ठेवलं.

"झालं रडून? आता माझ्यापुढं नको रडूस. बोटं माझी नाही गेली."

"त्यानं बघितलेलं नाही मला. तो म्हणतोय कुणी आलंच नाही."

"म्हणून काय तू तिथं नव्हतास? बंदूक वाईट म्हणून मी तुला बोलले नव्हते रे. माझ्या नवऱ्याच्या चार पडल्यात घरात. पण तू सीटखालनं माणसाला वाचवायची वस्तू काढलीस, आणि माणसाला भ्यायची वस्तू ठेवलीस. मग दिसणार काय तुला?"

सकाळी तो मायनॉट शहरातल्या हॉस्पिटलात गेला. जोविटो खिडकीपाशी बसला होता. बारकासा माणूस. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीएवढा.

"मी व्हर्लिन होल्टे. परवा त्या रस्त्यावर... मी तिथनं..."

"लाल पिकअप," जोविटो म्हणला. "एक दिवा पिवळट आहे तुमचा. बदलून घ्या, सर."

 व्हर्लिन खुर्ची ओढून बसला. "तू बघितलंस? मग सांगितलं का नाहीस?"

"ह्याच गावात राहायचंय मला. तुमचीच पोरं शिकवायचीत. आणि आईला कळवायचं होतं. कुणी आलंच नाही असं सांगितलं तर ती देवावर रुसेल. येऊन निघून गेला असं सांगितलं तर मला परत बोलवून घेईल."

"मला वाटलं तू काहीतरी काढतोयस. हातातनं... धावत येताना."

जोविटोनं आपल्या पट्ट्यांतल्या हाताकडं बघितलं. मग त्याला कळलं.

"हातमोजा काढत होतो, सर," तो म्हणला. "तुमची गाडी हळू झाली. मला वाटलं, थांबलात. उघड्या हातानंच हात मिळवायचा, अशी आमच्याकडं रीत. तुम्ही गेलात त्या वाऱ्यात तो उडाला. मग सापडला नाही."

अरे देवा! म्हणजे नुसतं थांबला नाही एवढंच नव्हे. व्हर्लिन हळू झाला नसता, तर ती बोटं आज जागेवर असती.

"तू मला शिव्या दे," व्हर्लिन म्हणला. "मार मला. काहीतरी कर."

"उजव्या हातानं तर जमायचं नाही," जोविटो म्हणला. हसायला गेला, पण हसू अर्ध्यात तुटलं. "माफ केलं असं आज नाही म्हणवत. खोटं होईल. पण तुम्ही आलात. तुम्ही येणार नाही, असंच मी धरून चाललो होतो."

पुढं बोटं गेलीच. त्या रविवारी चर्चमध्ये व्हर्लिन मागच्या बाकावरनं उठला आणि सगळ्या गावापुढं घडलं ते बोलला. काहींनी मान वळवली. डुएन तर महिनाभर त्याच्या टेबलाला बसला नाही, आणि मग एके दिवशी गुपचूप येऊन विचारतो, "त्या डब्यात मेणबत्ती केवढी ठेवायची रे?" आता थंडीच्या आधी इंगाच्या हॉटेलात सगळे बसून डबे भरतात. परगावाहून येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला एक. जोविटो येतो. तीन बोटांच्या हातानं चॉकलेटं भरतो, निम्मी स्वतः खातो.

बंदूक व्हर्लिननं विकली नाही. घरच्या कपाटात कुलपात आहे, शिकारीला निघते. सीटखाली मात्र गोधडी आहे, आणि सासूचा डबा.

तर मंडळी, तुमच्याकडं बर्फ नसेल, बंदूक नसेल. पण भीती सगळ्यांच्याच सीटखाली एक पेटी करून बसलेली असते. ती ठेवायला तुम्ही काय काढून टाकलंत, तेवढं एकदा सीट वर करून बघा. जो वाटेत हात हलवतो, त्याच्या हातात सुरा असेल असं वाटणं सोपं आहे. बहुतेक वेळा तो हात मिळवायला मोजा काढत असतो.

व्हर्लिन अजून थांबतो प्रत्येक गाडीला. गावाला माहीत आहे, तो उतरायला जरा वेळ लावतो. दार उघडायच्या आधी तो उजव्या हाताचा मोजा काढतो.