रंगवलेला माठ

गहिनीनाथच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. हा माझा जुना विद्यार्थी, सध्या कर्जतकडच्या दुष्काळी कामावर मुकादम आहे. त्याने लिहिलं होतं, "सर, खडी फोडणाऱ्या बाया उन्हात पाणीच पीत नाहीत. म्हणतात, 'दादा, जितकं पानी प्यावं तितका घाम, नि घामासंगं ताकद जाती.' काल साळूबाई भोवळ येऊन पडल्या. माझं कुणी ऐकत नाही. शरीराच्या उष्णतेवर तुम्ही पुस्तक लिहिलंय, येऊन चार शब्द सांगा."

पुस्तक लिहिलंय खरं. घामावर त्यात अख्खं प्रकरण आहे. पण चार माणसांपुढे उभा राहिलो की ते प्रकरण माझ्याच अंगावर उमटतं. मागे वाचनालयात बोललो तेव्हा टिपणांची शाई घामाने ओघळली आणि आभाराचं वाक्य मी आधीच वाचून टाकलं. लोक आनंदाने उठून गेले.

पत्र तसंच पडून राहिलं. त्यात नवा माठ पाझरून खालच्या फळीवरची पुस्तकं भिजवू लागला. खिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट उरला होता. त्याचे दोन हात मी माठाला बाहेरून दिले. पाझर थांबला. शोध लावल्यासारखा मी दिवसभर मिरवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या हिने एक घोट घेतला आणि तांब्या माझ्यापुढे आदळला.

"चहापत्ती टाकू का यात?"

"का बरं?"

"चांगलं कोमट आहे. अहो, माठाला घाम येऊ दिला नाहीत, तर तो गार राहील कसा? तुमच्याच पुस्तकात आहे. प्रुफं मी तपासलीत."

"असेल."

"ते पुस्तक कुणी वाचत नाही म्हणून कुढत असता. लेखकानेही वाचलेलं दिसत नाही!"

मी कपाळ पुसलं. साळूबाईंनी निदान पुस्तक पाहिलं तरी नव्हतं. मला तेवढीही सबब नव्हती.

लगेच कार्ड घेतलं. "प्रिय गहिनीनाथ, सोमवारी पहिल्या एस.टी.ने येतो. भाषण जमणार नाही. दोन माठ आणतो, एक रंगवलेला, एक कोरा. बायांना दोन्हींत हात घालून पाहू दे. मला घाम येईलच, तोही दाखवू. तोवर साळूबाईंना सावलीत बसवून पाणी पाजत राहा."

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत जाताना सदरा पाठीला चिकटला. कार्ड टाकलं. मग बोटं आत घालून ते परत निघतं का, तेही पाहिलं.

निघालं नाही.