विमानातली चौथी जागा

वकीलकाका माझ्या सहलींच्या ऑफिसात आले आणि खुर्चीत बसलेच नाहीत, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळायला हवं होतं. एरवी हा माणूस दारातूनच चहा मागतो. त्या दुपारी त्यांनी भिंतीवरची बेटांची पोस्टरं बघितली, नारळाच्या झाडांकडे बघून उगाच मान डोलावली आणि मग हळूच विचारलं, "तिकिटं काढलीस का गं?"

"आज संध्याकाळी तुम्ही सगळे घरी येताय ना? एकदा विचारते आणि काढते. चार जागा धरून ठेवल्यात."

"तीनच काढ."

मला वाटलं, चष्म्याच्या दुकानवाल्या काकांच्या गुडघ्याने पुन्हा दगा दिला. तसं मी म्हणालेसुद्धा. काकांनी मान हलवली.

"तुझ्या बाबांचं नको काढू. त्यांना सांग, बेटावर जाणारं विमान छोटं आहे, गोल्फच्या बॅगांचं वजन होतंय, एक जागा कमी पडली. तू सांगितलंस तर त्यांना लागणार नाही."

वीस वर्षं दर रविवारी हे चौघं एकत्र खेळतात. बाबा, वकीलकाका, चष्मेवाले काका आणि इंजिनिअरकाका. बेटावर जाऊन खेळायची टूम बाबांचीच. तिथल्या मैदानाचा नकाशा त्यांनी फ्रीजवर चिकटवलाय, दूध काढायला गेलं तरी आधी समुद्र दिसतो. आणि त्यांनाच वगळायचं, तेही माझ्या तोंडून. माझं डोकं फिरलं.

"कारण सांगा, नाहीतर उठा," मी म्हणाले. ते उभेच होते हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"तो खोटं बोलतो," काका म्हणाले.

गोल्फमध्ये पंच नसतो. आपण किती फटके मारले ते ज्याचं त्याने मोजायचं, मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते मान्य करायचं. ज्याने आकडा चोरला तो संपला, त्याच्याबरोबर कोणी पुन्हा खेळत नाही. हे मला बाबांनीच शिकवलं होतं. औषधांच्या कंपनीत त्यांनी उभा जन्म माल तपासण्यात घालवला. वजनात केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा माल परत पाठवायचे, वर साहेबांच्या शिव्या खायचे. असा माणूस गवतावर उभा राहून खोटं बोलेल?

"गेल्या रविवारी वाळूच्या खड्ड्यात अडकला," काका सांगत होते. "बाहेर यायला चार फटके लागले. आम्ही तिघंही समोर उभे. वर आला आणि एकच सांगितला. मी म्हटलं, जरा आठव. तर माझ्यावरच उखडला. आणि हे एकदा नाही झालं गं. कितीतरी महिने चाललंय. आम्ही गिळतोय."

"मग त्यांच्या तोंडावर सांगा."

"तोंडावर सांगितलं तर त्याची अब्रू जाईल. म्हणून तर तुझ्याकडे आलो."

ते गेले. मी उरलेला दिवस येईल त्या गिऱ्हाइकावर खेकसले. वकीलकाकांचा राग येत होता, आणि ते खरं बोलत असतील तर, ही भीतीही होती.

घरी आले तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलावर टोप्या मांडून बसले होते. उन्हासाठी कुठली न्यावी हा प्रश्न. "विमान सकाळचं ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग खोल्यांचं बोलणं झालं. इंजिनिअर घोरतो, त्याला वकिलाच्या गळ्यात मारू, दोघांची खोड जिरेल, असं म्हणून ते खूश झाले. पांढरी टोपी घालून बघितली, काढली.

"विमान सकाळचं की दुपारचं गं?"

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "सकाळचं." तिच्या आवाजात ना वैताग, ना आश्चर्य. रोजचं काम उरकावं तसं तिने ते सांगितलं होतं.

मी आत जाऊन दार लोटलं. "आई, कधीपासून?"

तिने गॅस बारीक केला. "हळू बोल."

"त्यांना माहितीये?"

"तुझ्या-माझ्या आधीपासून. मला शपथ घातलीये. म्हणाले, एवढी सहल होऊ दे, मग डॉक्टरकडे ने, नाहीतर कुठेही ने. पण त्या तिघांना कळता कामा नये. त्यांनी कीव केलेली मला चालायची नाही म्हणाले."

मी वकीलकाकांचं बोलणं तिला सांगायला लागले, तेवढ्यात बेल वाजली.

तिघंही एकदमच आले आणि सोफ्यावर ओळीने बसले. बाबांनी फ्रीजवरचा नकाशा काढून आणला. इथून मारायचा, चेंडू समुद्रावरून जाऊन पलीकडे पडला पाहिजे, वारा आला तर माशांना प्रसाद. कोणी हसलं नाही. वकीलकाका माझ्याकडे एकटक बघत होते. छोटं विमान, बॅगांचं वजन, सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी तयार होती. मला एकही बोलता येईना.

"काय रे," बाबा म्हणाले, "मयताला आल्यासारखे काय बसलायत?"

वकीलकाकांचा धीर सुटला. "मग ऐकच. तू फटके कमी सांगतोस. आम्ही तिघांनीही बघितलंय. तुझ्याबरोबर आम्हाला जायचं नाही."

बाबांनी आधी इंजिनिअरकाकांकडे बघितलं, मग चष्मेवाल्यांकडे. दोघांनीही माना खाली घातल्या. आता आरडाओरडा होणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. पण बाबा कपाळाला आठ्या घालून काहीतरी शोधत होते, आणि ते त्यांना सापडत नव्हतं. मग त्यांनी आईकडे बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हो," बाबा म्हणाले. "सांगतो कमी. हरायची लाज वाटते या वयात, दुसरं काय."

वकीलकाकांचा चेहरा पडला. आपलं खरं निघालं याचं त्यांना दुःखच झालं असावं. ते उठले, चपला शोधायला लागले. बाबा नकाशाची घडी घालत होते, नीट, कडा जुळवून. चोर ठरणं त्यांनी पत्करलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत हा माणूस आपलं सगळं आयुष्य पुसून टाकत होता आणि गप्प बसणं मला शक्य नव्हतं.

"काका, थांबा," मी म्हणाले. "ते खोटं आत्ता बोलले. आयुष्यात पहिल्यांदा. फटके ते चोरत नाहीत. त्यांना आठवत नाहीत."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "तुला कोणी विचारलं होतं?" ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

वकीलकाका एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उभे होते. मग ती चप्पल खाली टाकून ते आतल्या दाराशी गेले. "उघड," ते म्हणाले. "तुला चोर म्हणालो मी, मुलीच्या ऑफिसात जाऊन तिलाही तेच सांगितलं. पाया तरी पडू दे." त्यांनी टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि दाराला लागून बसले. चष्मेवाले काका गुडघा सांभाळत दुसरी खुर्ची घेऊन आले. इंजिनिअरकाका भिंतीला टेकून उभे राहिले. आईने चहा टाकला. तो तसाच गार झाला.

"गेले का ते?" आतून बाबांनी विचारलं.

"नाही गेले," आई म्हणाली.

मग कडी निघाली, पण दार उघडलं नाही.

"त्यांना सांग," बाबा म्हणाले, "मोजणार मीच. चुकलो तर तिथल्या तिथे सांगायचं. मुलीच्या ऑफिसात जाऊन नाही."