करवली कामात आहे

न्हावऱ्याच्या बालघरात एक नियम होता. मूल कामात असेल तर त्याला हाक मारायची नाही. दीड वर्षाच्या दुडदुडत्या पोरापासून चौथीतल्या मुलापर्यंत सगळ्यांना तो लागू होता, आणि मोठ्या माणसांना जरा जास्तच. शाळा जुन्या दूध संकलन केंद्राच्या खोल्यांत भरायची. भिंतींना कमरेइतक्या पांढऱ्या फरश्या, बाक नाहीत, घंटा नाही, छडी नाही. पोरांनी आपल्या मनानं काम निवडायचं, चटई अंथरायची आणि मन भरेपर्यंत ते करायचं. ललिता नर्सबाईंची रश्मी पुण्याहून वर्षभराचं शिक्षण घेऊन आली आणि तिनं ही शाळा काढली, तेव्हा गावाचं म्हणणं पडलं, की पोरगी शिकून आली खरी, पण शिकवायचं विसरून आली.

रविराजला मात्र हा नियम पटला होता. तो रांजणगावच्या एका कारखान्यात ऑपरेटर. त्याची हर्षदा आधी एका इंग्लिश मीडियमच्या शाळेत तीन महिने गेली होती आणि ते तिन्ही महिने बाकाखाली बसून होती. रोज तिला दंडाला धरून बाहेर ओढायचे. मग ती घरीही खाटेखाली बसायला लागली. शेवटी रविराज स्वतः खाटेखाली शिरला आणि त्यानं तिला शब्द दिला, की यापुढं तुला कुणी ओढून उठवणार नाही. शब्द खाटेखाली दिला म्हणून तो काही लहान होत नाही. बालघरात घातल्यावर पंधरा दिवसांत पोरगी चटईवर आली, आणि रविराज नव्यानं माळ घातलेल्या माणसासारखा कडक झाला. एकदा हर्षदा उंबऱ्यात बसून मुंग्या बघत होती, तर त्यानं निघालेल्या मेहुण्याला घरातच थांबवून धरलं. मेहुण्याची दौंडची एसटी आधी गेली, मुंग्या नंतर गेल्या.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत रविराजच्या बहिणीचं लग्न निघालं. पाहुणे वरवंडचे. बहिणीचं नाव नकुशी. आण्णांना ती चौथी मुलगी झाली तेव्हा घराला काय वाटलं, ते नावातच आलं. तिनं जन्मात काही मागितलं नव्हतं. शालूचा रंगसुद्धा आई कुशाबाईनं ठरवला. पण लग्न ठरल्यावर ती भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "करवली म्हणून माझ्या पाठीशी कऱ्हादिवा घेऊन हर्षदा पाहिजे. ती न्हाई तर मी बोहल्यावर न्हाई." रविराजनं शब्द दिला, तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विषय संपला.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता. सकाळी घरात पाय ठेवायला जागा नाही म्हटल्यावर हर्षदा नवा परकर-पोलका घालून, डबा घेऊन, आपली आपण शाळेत निघून गेली. शाळा मांडवापासून शंभर पावलांवर. साडेअकराला आणू, असं ठरलं.

साडेअकराला रविराज फेटा बांधून गेला, तर पोरगी चटईवर. समोर दोन वाट्या. एका वाटीतली मटकी चिमट्यानं एकेक दाणा उचलून ती दुसऱ्या वाटीत टाकत होती. जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. रविराजनं चपला काढल्या आणि तो भिंतीला टेकून बसला.

"दादा, मी तिला हाक मारणार नाही," रश्मीताई हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही वडील आहात आणि आज लग्न आहे. तुम्ही मारा. मी तिकडं बघते."

त्या खरंच तिकडं बघत उभ्या राहिल्या. रविराज मांडी घालून आणखी नीट बसला.

बाराला कुशाबाई आली. "आरं, नवरी हळदीची बसलीय नटून. उठीव की पोरीला."

"आई, कामात हाय ती."

"मटकी हिकडची तिकडं करायला काम म्हणत्यात व्हय? मग मी घरात एवढी वर्षं काय करत हुते?"

"तुला बी कुणी मधनं उठवायला नको हुतं."

असं उत्तर कुशाबाईला चाळीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं. ती जागच्या जागी बसली.

मांडवात माइकवर चांगदेव होता. आलेल्या पाहुण्यांची नावं संपल्यावर त्यानं पुकारलं, "करवली कामात असल्यामुळे वधू मंडपात येण्यास विलंब होत आहे. वऱ्हाडी मंडळींनी सहकार्य करावे." नवरदेवाचे वडील मारुतराव शेजारच्याला म्हणाले, "करवली नोकरीला हाय, हे आपल्याला बोलले नव्हते," आणि कुठल्या खात्यात आहे ते बघायला शाळेत आले.

ते आले तेव्हा वाटीत एकच दाणा उरला होता. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला. हर्षदानं दाणा उचलला, पलीकडं सोडला. रविराज उठून उभा राहिला. हर्षदानं रिकामी वाटी उजवीकडं घेतली, भरलेली डावीकडं सरकवली आणि चिमटा पुन्हा हातात घेतला.

"हे असं कितींदा चालतंय?" मारुतरावांनी विचारलं.

"परवा अकरा वेळा झालं," रश्मीताई म्हणाल्या. सांगताना त्यांना जरा अभिमान वाटला, तो त्यांना लपवता आला नाही.

"पाव्हणं, मुहूर्त टळला तर पुढला महिन्यानं हाय. तवर आमचा पोरगा मुंडावळ्या बांधून बसवू का? एक हाक मारा की."

"शब्द दिलाय," रविराज म्हणाला.

"कुणाला?"

"हिला."

"आन् बहिणीला?"

"तिला बी."

"मग त्यातला एक मोडा."

"कुठला मोडू, तेवढं सांगा."

मारुतरावांनी फेटा काढला, आत बघितलं आणि परत घातला.

एवढ्यात दारात आण्णा येऊन काठीवर टेकले. तरुणपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत चाललेला माणूस. आता दोन एकर ऊस, पण उभं राहायची पद्धत तीच. त्यांनी नातीकडं बघितलं, मुलाकडं बघितलं.

"मेंढी वाटंत व्यायला बसली तर आपण काय करतो रं? तिला वढत मुक्कामाच्या वाड्यावर नेतो का?"

"न्हाई."

"वाडा तिथंच टाकतो. जा, नवरीला हिकडं घेऊन या. भटजीला बी. चपला भाईर काढाय सांगा."

बारा वाजून बावीस मिनिटांनी चांगदेवानं पुकारलं, की शुभविवाह बालघरात होईल, मंडळींनी यावे, बोलू नये. तीनशे माणसं आली. साठ आत मावली, बाकीची खिडक्यांना लागली. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन अंगणात बसले. नकुशी हर्षदाकडं पाठ करून चटईपुढं उभी राहिली. कऱ्हादिवा चटईच्या कडेला ठेवला. करवली उभी पाहिजे की बसलेली चालते, असं कुणीतरी विचारलं. शास्त्रात तसं काही स्पष्ट नाही, असं भटजी म्हणाले. बारा तेहेतीस झाले होते, त्यामुळं कुणी पोथी बघायला मागितली नाही.

मंगलाष्टकं कुजबुजत झाली. घरात तान्हं झोपलेलं असावं, अशा आवाजात भटजी 'सावधान' म्हणत होते आणि तीनशे माणसं खरोखर सावध होती. वाजंत्री नाही, फटाके नाहीत. नुसत्या अक्षता पडल्या. नवरा-नवरीवर पडल्या, फरशीवर पडल्या, मटकीच्या वाटीतही पडल्या.

हर्षदाचा चिमटा थांबला. सकाळपासून पहिल्यांदा तिनं मान वर केली. रविराजनं नकळत खोलीत खाट कुठं आहे का ते बघितलं.

तिनं वाटीतले पिवळे तांदूळ बघितले, मग माणसं बघितली. आवाज न चढवता ती म्हणाली, "ज्यानं सांडलं, त्यानं उचलायचं."

"तसा नियमच आहे," रश्मीताई दिलगिरीनं म्हणाल्या.

"अक्षता कुणी उचलत न्हाई, बाळ," मारुतराव म्हणाले.

हर्षदानं आपला चिमटा त्यांच्यापुढं केला. तीनशे माणसांदेखत चार वर्षांच्या पोरीला नाही म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते खाली बसले. ते बसल्यावर वरवंडकर बसले, मग न्हावरेकर बसले. भटजी आपल्या भोवतीचं उचलायला लागले. नकुशीही गळ्यातला हार सावरत वाकली.

"आत्या, तू न्हाई सांडलं," हर्षदा म्हणाली. "तू नुसती बस."

नकुशी चटईवर बसली. हर्षदानं दोन्ही वाट्या तिच्यापुढं सरकवल्या. चिमटा मारुतरावांकडं होता, म्हणून नकुशीनं बोटांनीच एक दाणा उचलला आणि पलीकडं टाकला. मग दुसरा. मेंदीच्या हातानं, सावकाश. तिसऱ्याला तिच्या जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात आलं.

नवरदेव तिच्या डोक्याशी ताटकळत उभा होता. त्यानं पुढं वाकून, "अहो, चला, पंगत—" एवढं म्हटलं, तोवर रविराजनं त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर अंगणात आणलं.

"किती येळ लागंल?" नवरदेवानं विचारलं.

"ते तिच्यावर हाय," रविराज म्हणाला, आणि मांडवातनं त्याच्यासाठी बुंदीचं ताट मागवलं.