मुळासकट

परदेशातल्या एका वनस्पती उद्यानाने मला काम दिलं, तेव्हा मी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. कंपनी सरकारच्या काळात त्यांचा एक साहेब बदलापूरच्या डोंगरांत हिंडला होता आणि दिसेल त्या झाडाचं चित्र काढवून घेत होता. त्यातलं एकही झाड आता इथे सापडत नाही. त्याच्याकडून जी झाडं राहून गेली त्यांची चित्रं मी काढायची, त्याच्याच पद्धतीने: खऱ्या आकाराची, मुळासकट, मागे कोरा कागद, माती नाही.

पहिली कळलावी काढली. चित्र पुरं करून पुन्हा डोंगरात गेले, तर तिच्या जागी नुसतं खोल भोक. रानहळदीचं तेच, भारंगीचंही तेच.

"डुकरांनी उकरलं असेल," मी म्हटलं.

मला वाट दाखवणाऱ्या कुळगावच्या कौसाबाई वाकून बघत राहिल्या. "डुकरं माती उडवतात, बाय. हितं कणभर सांडलेली नाय."

मी पडले अतिशहाणी. घरी येऊन बाल्कनीतला ओवा काढायला घेतला. शेवटचं पान रंगवलं, मान वर केली, तर कुंडीत भोक. चित्र टराटरा फाडलं. ओवा काही परत आला नाही. मी धावत जाऊन लेकीला घट्ट धरलं.

कारण माझी सात वर्षांची तेजल कधीपासून मागे लागली होती, "आई, माझं चित्र काढ ना!" नशीब, कामाच्या गडबडीत राहून गेलं होतं. मी रंग, ब्रश, कागद सगळं माळ्यावर टाकलं आणि चित्राचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून तिच्यावर ओरडले. पोर रडत झोपली.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन आले, तर बाईसाहेब हॉलमध्ये पालथ्या पडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शाळेच्या पेन्सिलीने काहीतरी गिरवत होत्या.

"तू माझं काढत नाहीस ना, म्हणून मी तुझं काढलं."

पोरीचा हात माझ्यावर गेलाय. मी हुबेहूब होते. पायांखाली जमीन नव्हती आणि बोटांना बारीक मुळं फुटली होती.

"झालं?" मी कसंबसं विचारलं.

"फक्त केस राहिलेत."

पेन्सिल हिसकावून घ्यायला झेपावले, पण माझे पाय फरशीला टेकतच नव्हते. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

"केस लांब काढ हं, राणी," मी म्हटलं. "एकेक काढ. अजिबात घाई करू नकोस."