ठोकून पाहिलेला कडा

रांगेलने दोरावर भार टाकून अंग मागे झोकलं, तळवे कड्याला टेकवले आणि शिळेवर हातोडी मारली. मग डोकं तिरकं करून ऐकलं. वीतभर वर पुन्हा मारली, पुन्हा ऐकलं. खाली रस्त्यावर लाल झेंडी घेऊन उभा असलेला त्याचा जावई आसेन मान वर करून वाट बघत होता. नदीच्या गर्जनेत त्याला हातोडी नुसती दिसायची.

"बद्द!" रांगेल वरून ओरडला. "उद्या काढायची!"

घळीतला रस्ता रांगेलच्या कानावर चालायचा. हिवाळ्यात फटींमधलं पाणी गोठतं, वसंतात वितळतं आणि खडक सुटे होतात. मग तो दोर बांधून कडा ठोकत यायचा. खणखणीत वाजला तो खडक राहिला, बद्द वाजला तो पहारीने उचकटून खाली. त्याने चांगला म्हटलेला दगड आजवर कुणाच्या डोक्यात पडला नव्हता. यंदा मात्र निम्म्याहून जास्त कडा बद्द निघत होता. हिवाळाच वाईट गेला, असं रांगेल म्हणायचा. रस्ता रोज बंद, रोज ढिगारे. लोक कुरकुरत होते, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. ज्याच्या कानाच्या भरवशावर आपली पोरं शाळेत जातात, त्याच्याशी कोण भांडणार?

सेव्दा भांडली. ती त्याची थोरली बहीण, कड्यासमोरच तिचं पाहुण्यांचं घर. दोरावरून त्याचे पाय जमिनीला टेकताच तिने त्याला गाठलं.

"रांग्या, अरे त्या शिळेमागे पाखराचं घरटं आहे! पिल्लं आहेत आत. दोन आठवडे थांबलास तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही, शिळा कोसळेल. मेतोदीच्या शाळेच्या बसवर."

"माझे पाहुणे हॉलंडहून आलेत ते त्या कडेचढ्या पाखरासाठी. त्यांना काय आता तुझं थोबाड दाखवू?"

"दाखव की. मीही कडेचढ्याच आहे."

आसेन फिसकन हसला. सेव्दाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो झेंडी गुंडाळायला लागला.

"आणि तुझा कान म्हणजे काय देवाचा कान लागून गेलाय?"

"आजवर चुकलाय का?"

ती फणकाऱ्याने निघून गेली आणि संध्याकाळी बटाट्याचं पताटनिक मात्र त्याच्या घरी नेहमीसारखं पाठवून दिलं.

सकाळी रांगेल पहार घेऊन वर चढला. खाली सेव्दा हाताची घडी घालून उभी होती. तिच्या शेजारी तो डच म्हातारा आणि त्याची बायको, तिपाईवर दुर्बीण लावून. वळणावर मेतोदीने शाळेची रिकामी बस थांबवून ठेवली होती. पोरांना आणायला पलीकडच्या गावी जायचं तर शिळेखालूनच जावं लागायचं.

नर फटीच्या तोंडाशीच होता. राखाडी, चिमणीएवढा, बसला की दगडातला दगड. पण हा पक्षी बसतच नाही. सरकतो, थांबतो, पंख झटकतो, आणि झटकले की त्यांतला किरमिजी रंग उघडतो आणि मिटतो. लांब बाकदार चोच तो फटीत सुईसारखी घालतो आणि कोळी बाहेर ओढतो. कोळी, माश्या, अळ्या, कड्याच्या अंगावर असेल ते. आत्ता त्याच्या चोचीत लांब पायांचा एक कोळी होता. तो फटीत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. मादी कुठेतरी खाली नदीकाठच्या खडकांवर असावी.

रांगेलने पहारीला जागा शोधली. मिळेना. शिळेच्या कडेने बोटं फिरवली, खांदा लावून रेटली. ती जागची हलली नाही. बद्द वाजणाऱ्या शिळेने थोडी तरी कुरकुर करायला हवी होती.

नर त्याच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर येऊन चिकटला. त्याने पंख अर्धे उघडले, मान ताणली आणि चोच उघडली. गळ्याचा काळा डाग थरथरत होता. थांबला आणि पुन्हा थरथरायला लागला. चोच मिटली, उघडली. खाली डच बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

रांगेलला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

त्याने पाहिलं, नीट पाहिलं. पाखरू गात होतं, यात शंका नव्हती. मग तो दोरावरून हळूहळू डावीकडे सरकला. तिथे कड्याच्या पोटात, लग्नाआधी त्याने स्वतः ठोकलेला लोखंडी खिळा होता. अख्ख्या घळीत याहून पक्का खडक नाही, हे तो आसेनला शंभरदा सांगत आला होता. त्याने त्यावर हातोडी मारली.

बद्द.

पुन्हा मारली, जोर लावून. बद्द. या वसंतात उचकटून खाली टाकलेला एकेक दगड त्याला आठवायला लागला. त्याने हातोडी पट्ट्यात खोचली आणि खाली उतरला.

"राहू दे ती," तो म्हणाला. "शिळा पक्की आहे."

सेव्दाने त्याला मिठीच मारली. "मला माहीत होतं! वरून दगड आहेस रे तू, आतून लोणी!" डच म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या बायकोने डोळे पुसले आणि ती आपल्या भाषेत काहीतरी फार गोड बोलली. आसेनसुद्धा सासऱ्याकडे कौतुकाने बघत होता.

"पाखरासाठी सोडलीत होय? घरी सांगतो, सासरेबुवांना पाझर फुटला म्हणून."

लोकांनी सगळं आपापलं जमवून घेतलं होतं.

मेतोदीने खिडकीतून डोकं काढलं.

"मग जाऊ ना, रांगेल?"

हा त्याचा रोजचा प्रश्न होता. रांगेल हात हलवायचा आणि बस निघायची. आज त्याने हात वर केला, तसाच धरला आणि मग कमरेचा पट्टा सोडायला लागला.

"थांब. आसेन, तू वर जा. शिळा ठोक. मग वळणापर्यंत सगळा कडा."

"अहो, पण तुम्ही आत्ताच पक्की म्हणालात ना?"

"मी म्हणालो. म्हणूनच जा."

"काय झालं रे?" सेव्दाने विचारलं.

"पाखरू तोंडासमोर गात होतं," रांगेल म्हणाला. "मला ऐकू आलं नाही."

"नदीमुळे असेल. आज पाणी जास्त आहे."

"नदी ऐकू येते, ताई. नदीच ऐकू येते फक्त."

सेव्दाने तोंडावर हात ठेवला. आसेन पुढे आला. रांगेलने स्वतः त्याच्या कमरेला पट्टा आवळला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि हातोडी त्याच्या हातात दिली.

आसेन वर पोचायला वेळ लागला. शिळेशी तो बराच वेळ लटकत राहिला, नंतर वळणापर्यंत ठोकत गेला. हातोडी वर जाताना दिसत होती, खाली येताना दिसत होती. मग त्याने मान वळवून खाली काहीतरी ओरडून सांगितलं. मेतोदीने बस सुरू केली आणि ती शिळेखालून पुढे गेली.

रांगेल सेव्दाकडे वळला.

"काय म्हणाला?"