डावा हात मुलाचा

सभा शाळेच्या दुसरीच्या वर्गात होती, कारण तेवढाच वर्ग गळत नव्हता. बाकं लहान मुलांची. माझे गुडघे त्यात मावेनात, म्हणून मी पाय कडेला बाहेर काढून बसले. शेजारी माझी जाऊ. सत्तरी ओलांडली तरी सगळं बेट तिला धाकटीच म्हणतं.

"जाऊबाई," ती कुजबुजली, "या बाकांवर बसवलंय ते मुद्दाम. पाय मोकळे करायला मिळावेत म्हणून माणूस कशालाही हो म्हणेल."

इंजिनिअरसाहेबांनी फळ्यावर बेटाचा नकाशा चिकटवला होता. नकाशात आमचं बेट फारच नीटनेटकं दिसत होतं, कोणी नुकतंच झाडून काढल्यासारखं. मधोमध एक लाल पट्टी होती. ती विमानाची धावपट्टी. बाकी सगळी टेकडी, सपाट जागा फक्त आमच्या खालच्या गल्लीची, त्यामुळे पट्टी आमच्या घरांवरून जात होती. गल्लीतल्या लोकांना वर टेकडीवर नवी घरं मिळणार होती, संडास आत असलेली. बेटाने हो म्हटलं तर काम सुरू, नाही म्हटलं तर पैसा दुसऱ्या बेटावर.

अशा सभांना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बसते आहे. पहिली सभा धक्क्याची होती, लाँच कुठे लागावी याची. मग वीज आली, मग नळ, मग फोनचा मनोरा. दर वेळी एकजण उठून म्हणतो की बेट बुडेल, दुसरा म्हणतो की बेटाचं सोनं होईल. दोन्ही होत नाही. दिवे लागले तेव्हा आम्ही बायका संध्याकाळी उगाच बटणं चालू-बंद करून बघायचो. पण ओट्यावर बसून गप्पा मारणं त्याच वर्षी संपलं, हेही मला आठवतं. तेव्हाचे भांडणारे बरेचसे गेले. उरलेले याच वर्गात माझ्यासारखे पाय बाहेर काढून बसले होते.

पहिल्या सभेला जायच्या आधी सासूबाईंनी मला शिकवलं होतं, "उजवा हात आपला, डावा हात नवऱ्याचा." बेटावरचे पुरुष तेव्हा बोटींवर असायचे, वर्षवर्ष यायचे नाहीत. मग त्यांचं मत बायको डाव्या हाताने द्यायची. आता बोटीवर कोणी जात नाही, मुलं पलीकडे मोठ्या शहरात नोकऱ्या करतात, आणि डावा हात मुलांचा झाला. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. माणूस बाहेर आहे, पण घर इथे आहे ना त्याचं.

आदल्या संध्याकाळी मुलाचा फोन आला होता.

"आई, उद्या माझा हात धावपट्टीसाठी वर कर."

"का रे बाबा?"

"का म्हणजे? लाँचने यायला एक रात्र, जायला एक रात्र. सुट्टीतले दोन दिवस पाण्यातच जातात. विमान आलं की दर महिन्याला येईन."

"उतरशील कुठे?"

"कुठे म्हणजे? धावपट्टीवर."

"ती आपल्या स्वयंपाकघरात आहे."

तो हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, "वरचं घर चांगलं असेल गं. आणि तुझा हात तुझा आहे. तू तुला वाटेल ते कर."

गेली तीन वर्षं तो आलेला नाही. सून चांगली आहे, नातीला मी फोनवर पाहिली आहे, फोनवरच ती बसायला लागली आणि फोनवरच चालायला. दर महिन्याला येईन हे शब्द मी त्या रात्री उशीखाली घेऊन झोपले म्हटलं तरी चालेल. आणि सकाळी उठून चूल-ओटा पुसताना वाटलं, हे सगळं पुसून मी विमानासाठी चकचकीत करते आहे की काय.

सभेत पहिली उठली नर्सबाई. ती फार बोलत नाही. "मागच्या पावसात सुताराची बायको धक्क्यावर लाँचची वाट बघत गेली," ती म्हणाली. "मी तिचा हात धरून बसले होते. मला अजून काही सांगायचं नाही." आणि ती खाली बसली. सुतार मागच्या भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान वर केली नाही.

त्यानंतर बोलायला कोणाची छाती होईना. पण आमच्याकडे हवामान खातं आहे. म्हणजे मासळीचा व्यापारी. रोज सकाळी पावसाचा अंदाज सांगतो आणि रोज चुकतो. तो उठला. "विमानं आली की हॉटेलं येतील. हॉटेलं आली की आपल्या पोरी तिथे भांडी घासतील."

"आता कोणाची घासतात?" धाकटी बसल्या जागेवरून म्हणाली. "तुझीच ना?"

वर्ग हसला. इंजिनिअरसाहेबही हसले आणि त्यांनी घाम पुसला. बरा माणूस होता. कोणी आवाज चढवला की वहीत लिहून घेत असल्यासारखं करायचा, म्हणजे समोरचा आपोआप खाली यायचा.

मग वकील उठला. वकिलीचं एक वर्ष करून परत आलेला आमचा दुकानदार, पण नाव पडलं ते पडलं. त्याने टेकडीवरच्या घरांना पाणी चढेल का विचारलं, जमिनीचे कागद कोणाच्या नावाने होतील विचारलं, विमानाचं तिकीट परवडेल का विचारलं. साहेबांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला ते म्हणाले, "ते माझ्या हातात नाही." सगळं बेट एका सुरात म्हणालं, "हां!" मुद्दा असा नव्हता, पण काहीतरी पकडल्याचं समाधान झालं.

चर्चा तिथेच फिरत राहिली. ज्यांची घरं वर होती ते विकासाबद्दल फार पोटतिडकीने बोलत होते, खालचे आठवणींबद्दल. मला दोन्हींचा कंटाळा आला होता. शेवटी हेडमास्तर उठले आणि म्हणाले, "हात वर करा आता. ज्यांना धावपट्टी हवी ते."

हात वर गेले. उजवे गेले, डावे गेले, कित्येक बायकांचे दोन्ही गेले. इंजिनिअरसाहेब दचकले. "अहो, पिस्तूल रोखलंय का कोणी?"

हेडमास्तरांनी डाव्या हाताची रीत समजावून सांगितली. साहेबांनी डोकं खाजवलं. "असं नाही चालायचं. वरच्या ऑफिसात हा आकडा कोणी मानणार नाही. एका माणसाचा एक हात."

"म्हणजे आमची पोरं मेली का?" वकील तापला.

"जिवंत आहेत हो. पण इथे नाहीत."

"म्हणूनच तर डावा!"

बराच वेळ हे चाललं. धाकटी म्हणाली की तिच्या नवऱ्याने बोटीवरून चाळीस वर्षं डाव्या हाताने मत दिलंय, आणि एकदा तर ते निवडूनही आलंय. शेवटी हेडमास्तर थकून खुर्चीवर टेकले. "एकच हात. कुठला, ते ज्याचं त्याने ठरवा. चला."

साहेबांना त्यात काही कळायचं नव्हतं, त्यांना सगळे हात सारखेच. पण वर्गातल्या बायका आपापल्या हातांकडे बघायला लागल्या. आयुष्यभर आम्हाला दोन हात होते. नवऱ्याला हवं ते तो म्हणायचा, मला हवं ते मी, आणि घरी आल्यावर कोणी कोणावर रुसायचं नाही. आता प्रत्येकीला दोघांपैकी एकाचा हात खाली ठेवायचा होता.

धाकटीने उजवा हात मांडीखाली दाबला आणि डावाही वर केला नाही. "मला दोघांचंही नको," ती म्हणाली. तिला मूल नाही. तिचा नवरा गेल्याला बारा वर्षं झाली, पण डावा हात अजून त्याचाच.

मी स्वयंपाकघर आठवलं. खिडकीतून येणारं खारं वारं, सासूबाईंनी बसवलेला ओटा. ह्यांचं पार्थिव ज्या खोलीत ठेवलं होतं ती खोली. मग मी डावा हात वर केला. तो खांद्यातून दुखतो, पूर्ण सरळ होत नाही. साहेब मोजत माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "आजी, हा वर आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "एवढाच होतो."

धावपट्टी मंजूर झाली. फार फरकाने नाही.

संध्याकाळी दिवे लागले आणि मुलाचा फोन आला.

"झाली सभा? पडलं ना ते?"

"पडलं नाही. पास झालं."

"पास? तू काय केलंस?"

"तुझा हात वर केला."

"आणि तुझा?"

"एकच चालत होता."

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला.

"आई, मला वाटलं तू नाहीच म्हणशील," तो म्हणाला. "माझा हो, तुझा नाही. सगळ्या घरांत तसंच होणार, फिट्टंफाट, आणि राहील सगळं तसंच. मी आपलं बोलून गेलो गं."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी खुर्ची ओढून घेतली. त्याच्या लहानपणी तो समुद्रात उडी मारीन म्हणून धमकी द्यायचा, आणि मी धरणार हे गृहीत धरून धक्क्याच्या टोकावर उभा राहायचा, ते दिसलं.

"मग तू दर महिन्याला येणार नव्हतास?"

"येईन ना. पण विमान सुरू व्हायला पाच-सहा वर्षं तरी लागतील."

"घर पावसाळ्यानंतर पाडणार आहेत."

पाच-सहा वर्षांत माझं वय किती होईल हा हिशेब दोघांनीही केला असावा, पण तो कोणी बोलून दाखवला नाही.

"लाँचने ये," मी म्हटलं. "आता ये, पावसाआधी. पोरीला घेऊन ये. तिला एकदा या घरात चालू दे."

"सुट्टीचं बघतो."

"बघू नकोस. ये."

मागून सूनबाईचा आवाज आला, काय झालं म्हणून. त्याने फोनवर हात ठेवला असावा, शब्द कळले नाहीत. मग तो परत आला.

"ती म्हणते, आपण सगळेच जाऊ. पण तिला लाँच लागते."

"लागू दे," मी म्हटलं. "लिंबू घेऊन बसायला सांग. आणि इथलं कपाट जड आहे, माझ्याच्याने हलायचं नाही."

"मी हलवतो," तो म्हणाला. "आधी येऊ दे मला."